बाई निजल्यात

माणसाला माणसाची गरज असते, हे सर्वमान्य आहे. ती नेमकी कोणत्या वारी असते, यावर मात्र अजून एकमत झालेलं नाही.

पेण-रोहा येथील संयुक्त ख्रिस्ती मंडळीने या प्रश्नाचा जेवढा खोल विचार केला आहे, तेवढा रायगड जिल्ह्यात क्वचितच कोणी केला असेल. दोन्ही गावं मिळून घरं बेचाळीस, चर्च दोन आणि पाळक एक. पाळकसाहेब एका रविवारी पेणला असतात, पुढच्या रविवारी रोह्याला, आणि महिन्यात पाचवा रविवार आलाच तर सासुरवाडीला. एवढ्या विखुरलेल्या लोकांची काळजी घेणं एकट्याच्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून मंडळीने 'परस्पर काळजी समिती' स्थापन केली. (परस्पर या शब्दाचे मराठीत दोन अर्थ होतात. समितीने दोन्ही पाळले.)

समितीचे सचिव शांतवनराव. नागोठण्याच्या बाजूला एका कंपनीत त्यांनी सगळी नोकरी सेफ्टी खात्यात काढली होती. निवृत्त झाल्यावर ते सुनेच्या स्वयंपाकघरात 'गरम भांडे, सावधान' अशा पाट्या लावू लागले, तेव्हा मुलाने पाळकसाहेबांच्या हातापाया पडून त्यांना समितीवर घ्यायला लावलं. घर वाचलं आणि मंडळीला शिस्त लागली.

पूर्वी सगळा सावळागोंधळ होता. कोणी आजारी पडलं की ज्याला कळेल तो उठून जायचा. कोणी पेज घेऊन, कोणी नुसताच. एकेका आजाऱ्याकडे तीन-तीन घरची पेज, आणि विचारणारं कोणी नाही. शांतवनरावांनी हा प्रकार बंद केला. आता आजाऱ्याने आधी सचिवांना कळवायचं. सचिवांनी दुखण्याची वर्गवारी करायची: साधं, गंभीर आणि सुनेमुळे झालेलं. मग ग्रुपवर 'प्रार्थनेत आठवण करावी' असा संदेश जायचा आणि प्रत्येक घराने त्यावर हात जोडायचे. हे हात फोनमध्ये तयार मिळतात, त्यामुळे स्वतःचे हात मोकळे राहतात.

चर्चच्या दाराशी त्यांनी कंपनीतल्यासारखा फळाही लावला होता: 'तक्रारीविना गेलेले दिवस'. तक्रार शांतवनरावांकडेच करायची असल्यामुळे आकडा रोज वाढत होता.

समाजाकडेही समितीचं लक्ष होतं. अंबा नदीचं पाणी नागोठण्यात शिरलं त्या पावसाळ्यात समितीने चादरी वाटल्या. चादरीपेक्षा बॅनर मोठा होता, अशी टीका काही कोत्या मनाच्या लोकांनी केली. पण छप्पर उडालेल्या एका म्हातारीने चादर परत करून बॅनरच मागून घेतला आणि पुढचे दोन पावसाळे ती कोरडी राहिली. मदत कशी पोहोचेल, हे देणाऱ्याला सांगता येत नाही.

अशा निकोप व्यवस्थेत श्यामलाबाईंनी एक माणूस मागितला.

श्यामलाबाई रोह्यात एकट्या राहतात. जुन्या नर्स. मंडळीतल्या अर्ध्या लोकांना जन्मल्या जन्मल्या पाठीत चापट मारून त्यांनीच रडवलेलं. यजमान केव्हाच गेले, मुलगा मस्कतला. उजवा डोळा काचबिंदूने नेला होता आणि डाव्यात मोतीबिंदू पिकला होता. पनवेलच्या डॉक्टरांनी ऑपरेशनला गुरुवार दिला, पण अट घातली: सोबत एक माणूस हवा. माणूस नाही म्हणून दोन तारखा आधीच हुकल्या होत्या. "बाई, तिसरी हुकली तर या डोळ्याचा भरवसा मी देणार नाही," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. शेजारची बायजा, भाजी विकणारी, केव्हाही यायला तयार होती. पण तिला गाडी लागायची. नागोठण्याच्या पुढे ती आयुष्यात कधी गेली नव्हती.

"शांतवन, मला फळं नकोत, फुलं नकोत," रविवारी उपासना सुटल्यावर श्यामलाबाई म्हणाल्या. "एक माणूस दे. कागदावर सही करायला आणि येताना हात धरायला."

शांतवनरावांनी ही मागणी 'गंभीर' वर्गात घातली आणि तत्काळ संदेश सोडला. बेचाळीसच्या बेचाळीस घरांनी हात जोडले. एका घराने चुकून दोनदा जोडले, तेही धरण्यात आले. माणसाचं मात्र अवघड होतं, कारण वार गुरुवार. एकाची पहिली शिफ्ट, एकाकडे ऑडिट, एकीच्या मुलीची परीक्षा, तिघांची रजा संपलेली. भगिनी मंडळाच्या अध्यक्षा नूतनताई एरवी पहिल्या धावून आल्या असत्या, पण त्यांनी त्याच दिवशी 'एकाकी वृद्धांना आधार' या विषयावर चर्चासत्र ठेवलं होतं, भोजनासह. स्वतः शांतवनराव मोकळे होते. पण सचिवच जायला लागला तर लोकांना तीच सवय लागते, या विचाराने त्यांनी मन घट्ट केलं. ते सोपं गेलं नाही. त्यांची दोन्ही मुलं श्यामलाबाईंच्याच हातची होती.

इथे बाहेरच्या वाचकांसाठी एक खुलासा आवश्यक आहे. मंडळीत कोणी मरत नाही. मरणं हा शब्द फार उघडावाघडा वाटतो. मंडळीत माणूस प्रभूमध्ये निजतो, आणि शेवटच्या दिवशी प्रभू त्याला उठवतो. मंडळीत ही भाषा इतकी मुरलेली आहे, की दुपारी आडवं होणारा माणूससुद्धा घरच्यांना 'जरा पडतो' असंच सांगतो. उगाच गैरसमज नको.

बायजा मंडळीतली नव्हती.

बुधवारी दुपारी शांतवनरावांनी श्यामलाबाईंना फोन लावला. माणूस मिळत नाही, प्रार्थना मात्र भरपूर चालू आहे, एवढं कळवायचं होतं. फोन बायजाने उचलला.

"बाई निजल्यात," ती म्हणाली.

शांतवनराव खुर्चीतून उठले. "कधी?"

"आत्ताच. दोन घास खाल्ले, मी डोळ्यात औषध घातलं आन् निजल्या."

"त्रास नाही ना झाला?"

"नाय हो. मस्त शांत निजल्यात. घोरत पन नाय." मग बायजाला वाटलं, माणूस लांबून फोन करतोय, कामाचं असेल. "उठवू काय?"

शांतवनरावांनी छताकडे पाहिलं. "ते आपल्या हातात नाही, बाई," ते म्हणाले.

"बरं, नाय उठवत," बायजा म्हणाली आणि फोन ठेवून भाजीला पाणी मारायला गेली.

पुढे जे घडलं ते कोणत्याही संस्थेने कित्ता गिरवावा असं होतं. 'आपल्या प्रिय श्यामलाबाई आज दुपारी प्रभूमध्ये निजल्या' हा संदेश गेला आणि चहा व्हायच्या आत गुरुवार मोकळा झाला. पहिली शिफ्ट बदलून मिळाली. संपलेल्या रजा सापडल्या. ऑडिट पुढे गेलं. परीक्षेची मुलगी म्हणाली, मी काय कुकुलं बाळ आहे का, एकटी जाईन. चर्चासत्र रद्द होऊन त्याचा पुलाव सांत्वनपर भोजनाकडे वर्ग करण्यात आला. मिनी बस ठरली. बत्तीस पांढरे सदरे आणि साड्या इस्त्रीला गेल्या. घरी फोन करून खात्री करून घ्यावी, असं कोणाच्याच मनात आलं नाही, कारण 'शोकाकुल घरी फोन करू नये, एकेकट्याने जाऊही नये' हा समितीचा चौथा नियम होता, आणि तो शांतवनरावांनीच केलेला होता.

एकच अडचण आली. शवपेटी आयत्या वेळी मिळेना. पण पेण हे पेण आहे. इथल्या गणपतीच्या मूर्ती पार अमेरिकेपर्यंत जातात, आणि त्यांना खोके करणारा सुतार दत्तात्रेय शांतवनरावांच्या गल्लीतच राहतो. त्याने मोठ्या मूर्तीचा एक लांब खोका जरा रुंदीला कापून दिला. त्यावर 'नाजूक माल' असं छापलेलं होतं, आणि एक जाड बाण काढून 'हा भाग वर'. पाळकसाहेब त्या बाणाकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "असू दे. दिशा बरोबर आहे."

गुरुवारी सकाळी बस निघाली. गडब गाव मागे पडलं तसं कोणीतरी हळूच म्हणालं, "परवा एक माणूस मागत होत्या बिचाऱ्या." शांतवनराव खिडकीकडे तोंड करून बसले आणि नागोठणं येईपर्यंत रडले. कंपनीत अपघात झाला की चौकशी होते, कोणाचं लक्ष नव्हतं ते निघतं. इथे चौकशी करायची गरजच नव्हती. त्यांना स्वतःची लाज वाटत होती, आणि ती कोणत्या वर्गात घालावी हे कळत नव्हतं.

रोह्यात बस दाराशी थांबली. श्यामलाबाई ओट्यावर बसल्या होत्या.

अंगावर परीटघडीची साडी, मांडीवर पिशवी, चेहऱ्याला पावडर. कोणी आलं नाही तर एकटीनेच स्टेशनवर जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. ते ऐकून बायजाही हटून बसली होती. प्रत्येक हातात एक लिंबू घेऊन ती त्यांच्या शेजारी तयार होती.

नूतनताई बसच्या पायरीवरच मटकन बसल्या. पाळकसाहेबांनी पुस्तक उघडलं आणि परत मिटलं. त्यांच्या सेवाकाळात असं पहिल्यांदाच होत होतं.

"कोण? शांतवन का?" श्यामलाबाईंना पांढरं पांढरं काहीतरी हलताना दिसत होतं.

"बाई," शांतवनरावांच्या तोंडून कसंबसं निघालं, "तुम्ही उठलात?"

"पहाटेच उठले. झोप कसली येते? किती जण आलात रे?"

"सगळेच."

श्यामलाबाई पदराने डोळे टिपायला लागल्या, डॉक्टरांनी डोळ्याला हात लावू नका सांगितलेलं असताना. "मी एक माणूस मागितला होता," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही अख्खी मंडळी आलात. मी मेली काल रात्रभर तुम्हाला नावं ठेवत होते."

कोणाचीही मान वर झाली नाही. तेवढ्यात बसच्या मागच्या बाजूने आवाज आला, "पेटी सांभाळून उतरवा रे!"

"पेटी पण आणलीत?" श्यामलाबाईंनी आपला उरलासुरला डोळा तिकडे वळवला. "एवढी मोठी?"

बायजाचे दोन्ही डोळे धड होते. तिने खोका पाहिला, पुष्पचक्र पाहिलं, मग शांतवनरावांना आपादमस्तक पाहिलं आणि सगळं समजली. "व्हय गो बाय," ती श्यामलाबाईंना म्हणाली, "पेटीच हाय. गानी म्हनायला आनलीय. चला, उशीर व्हतोय."

अशा रीतीने बत्तीस जणांची अंत्ययात्रा ऑपरेशनला निघाली. पेटी आणली म्हटल्यावर गाणं भाग होतं. तयारी होती ती दफनाच्या गीतांची, तीच दुप्पट लयीत म्हटली, आणि श्यामलाबाईंनी मांडीवर ठेका धरला. पेटी का वाजत नाही, असं त्यांनी विचारलं, तेव्हा तिचा भाता फाटला आहे, असं पाळकसाहेबांनी सांगितलं. (एवढं एकच खोटं त्यांच्या नावावर आहे.) नागोठणं ओलांडल्यावर बायजाला गाडी लागली. लिंबं संपली. बसमध्ये आडवं व्हायला जागा एकच होती. पनवेल येईपर्यंत ती त्यात गाढ निजली, बाण दाखवतो त्या दिशेला डोकं करून.

हॉस्पिटलात "पेशंटसोबत कोण?" असं विचारल्यावर बत्तीस जण उभे राहिले. सही मात्र एकाचीच लागत होती. ती शांतवनरावांनी केली.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली तेव्हा खाटेशेजारी शांतवनरावच होते. श्यामलाबाईंनी नव्या डोळ्याने पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हातारा झालास रे." मग त्यांची नजर भिंतीला टेकवून ठेवलेल्या पुष्पचक्रावर गेली. फितीवर सोनेरी अक्षरांत 'ख्रिस्तवासी श्यामलाबाई' असं होतं. ते त्यांनी चष्म्याशिवाय वाचलं. ऑपरेशन यशस्वी झालं होतं.

त्या इतक्या हसल्या की नर्सने येऊन दम भरला. हसू ओसरल्यावर त्यांनी शांतवनरावांचा हात धरला.

"शांतवन, आजारी होते तेव्हा एक मिळेना. मेले तर बत्तीस मिळाले. पुढच्या वेळेला सरळ मेलेच म्हणून कळवते."

श्यामलाबाईंनी हे थट्टेने म्हटलं होतं. शांतवनरावांनी ते लिहून घेतलं. घरी परतताना ते आधी चर्चच्या दाराशी गेले, फळ्यावरचा आकडा हाताने पुसला आणि तिथे शून्य लिहिलं. समितीकडे आलेली ही पहिली तक्रार, आणि ती त्यांनी स्वतःच्या विरुद्ध नोंदवून घेतली. मग समितीची बैठक बोलावून त्यांनी पाचवा नियम केला: सोबत, सही, रक्त किंवा नुसत्या गप्पा, काहीही हवं असलं तरी सदस्याने 'निजलो' असंच कळवावं.

नियम अत्यंत यशस्वी ठरला आहे. मंडळीतले एक आजोबा या पावसाळ्यात चार वेळा निजले; दोनदा बँकेत जायला आणि दोनदा बुद्धिबळासाठी. नूतनताई मुलीच्या लग्नात निजल्या, तेव्हा जेवणाची पंगत वाढायला माणसं पुरून उरली. दत्तात्रेयचा खोका दर वेळी बरोबर जातो. त्यात भाजी चांगली राहते, असं बायजाचं मत आहे.

मंडळीच्या या पद्धतीला हसणारे हसतील. वाचक सुज्ञ आहेत, त्यांच्याकडे असले नियम करावे लागत नाहीत. त्यांच्या ओळखीत फक्त एखाद्या बाई असतील, मावशी म्हणा, जुनी शेजारीण म्हणा, ज्यांना त्यांनी फोनवर 'सवड काढून नक्की येतो' असं सांगितलं आहे. ती सवड निघेल, याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. रजा राखून ठेवलेली आहे, पांढरा सदरा कपाटात इस्त्री करून तयार आहे. बाई अजून जाग्या आहेत, एवढीच काय ती अडचण.