मऊ टॉवेल आणि तेहेतिसावा प्रश्न

अंघोळ करून बाहेर आलेला माणूस साधारणपणे कोरडा असतो. आमच्या रसायनतज्ज्ञाचं तसं नव्हतं. तो टॉवेलने अंग पुसायचा, पुन्हा पुसायचा, दारामागचा दुसरा टॉवेल ओढून तिसऱ्यांदा पुसायचा, आणि तरीही बनियन पाठीला चिकटायचा तो चिकटायचाच. पहिल्या महिन्यात त्याने याचं खापर दमट हवेवर फोडलं, दुसऱ्या महिन्यात वयावर. तिसऱ्या महिन्यात तो डॉक्टरांकडे गेला. "अंघोळ झाली रे झाली की घाम फुटतो हो," असं त्याने सांगितल्यावर डॉक्टरांनी जीभ पाहिली, रक्तदाब मोजला आणि मीठ बंद करायला सांगितलं.

"मीठ बंद," त्याने घरी येऊन जाहीर केलं.

"अहो, पण तो घाम..." बायको काहीतरी सांगायला गेली.

"घामाचं जाऊ दे. हा टॉवेल बघ! सोळावी धुलाई आणि अजून लोण्यासारखा!" त्याने टॉवेल गालाला लावून डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांपुढे बायको काय बोलणार? ती "हो ना" म्हणून स्वयंपाकघरात गेली.

या टॉवेलवर त्याची सहा वर्षं खर्ची पडली होती. कपडे धुण्याची पावडर, ब्लीच आणि सॉफ्टनर बनवणाऱ्या एका कंपनीत तो होता. पावडरवाल्यांनी गार पाण्यातही डाग काढणारी पावडर शोधली, ब्लीचवाल्यांनी रंगाला धक्का न लावणारं ब्लीच काढलं, आणि सॉफ्टनर विभागाने, म्हणजे एकट्या याने, शेहेचाळीस नमुने वाया घालवले. बाराव्या नमुन्याला उन्हात मासळीचा वास यायचा. सत्ताविसाव्यात धुतलेले मोजे चालता चालता बुटात गोळा व्हायचे. सत्तेचाळिसावा मात्र जमला. यातला कण एका टोकाने धाग्याला घट्ट धरून बसायचा आणि दुसरं, तेलकट टोक बाहेर ठेवायचा. सुताला सूत घासायचं थांबायचं, कापड मऊ व्हायचं. शिवाय हा कण इतका चिवट की पुढच्या धुण्यातही निघायचा नाही. धुण्यागणिक थर चढत जायचा. ऑफिसात त्याला लोक 'मऊकाका' म्हणू लागले होते आणि त्याला ते मनापासून आवडत होतं.

मऊपणा मोजायची रीतही त्याचीच. सात जणांच्या डोळ्यांना पट्टी बांधायची, हात खोक्यात घालायला लावायचे, खोक्यात घडी घातलेला कोरडा टॉवेल. मग बत्तीस प्रश्नांचा फॉर्म. बोटांना कसं वाटलं, गालाला कसं वाटलं, वासाने कोणाची आठवण आली का, असं सगळं. बत्तीस प्रश्न तयार करायला त्याला तीन आठवडे लागले होते. या सात जणांतला पहिला हात त्याचाच असे, कारण त्याची बोटं कंपनीत सर्वांत तरबेज मानली जात.

सोमवारी सत्तेचाळीस नंबरचा निकाल होता. पास झाला तर बाजारात. नापास झाला तर सॉफ्टनर विभाग बंद आणि मऊकाकांची बदली फरशी विभागात. फरशीवाल्यांना तो आजवर "ते फिनेलवाले" म्हणत आला होता.

निकालाच्या आदल्या दिवशी, रविवारी, मोठे साहेब त्याच्या घरी चहाला येणार होते. चार महिने दोन घरांत फक्त सत्तेचाळीस वापरून बघायचा असं ठरलं होतं. पहिलं घर याचं, दुसरं खुद्द साहेबांचं. साहेबांच्या घरून आलेल्या फॉर्मवर बत्तीसपैकी बत्तीस गुण होते. "आता एकदा तुमचं घर डोळ्यांनी बघतो आणि उद्या सही करतो," साहेब म्हणाले होते.

पाच वाजता साहेब आले, मागोमाग भली मोठी पर्स सांभाळत त्यांच्या पत्नी आल्या. साहेबांच्या हातात सोमवारची जाडजूड फाईल होती. ती त्यांनी चहाच्या टेबलावर ठेवली. मऊकाकाने खारे शेंगदाणे पुढे केले.

"नको नको. डॉक्टरांनी मीठ बंद केलंय," साहेब म्हणाले.

"काय सांगता! मलाही!"

"मला अंघोळ झाली की फार घाम येतो हो."

"मलाही!" मऊकाका खुर्चीत पुढे सरकला. साहेबांचं आणि आपलं दुखणं एकच निघावं याचा त्याला कोण आनंद झाला. "पण खरं सांगू का साहेब, मीठ सोडल्यापासून भाजीची मूळ चव कळायला लागली. आता तर मीठ घातलेलं मला सहनच होणार नाही."

त्याची बायको खिडकीबाहेर बघू लागली. साहेबांच्या बाई छताकडे बघू लागल्या. कोपऱ्यात बसलेल्या त्याच्या सासूबाईंना अचानक खोकला आला.

साहेब हात धुवायला गेले आणि पाहुण्यांच्या टॉवेलने हात पुसून आले. "वा! काय मऊ!" म्हणत त्यांनी त्याच हाताने कप उचलला. कपाचा कान ओल्या बोटांतून सुळकन निसटला. कप किटलीवर आदळला, किटली आडवी झाली, आणि गार होत आलेला सगळा चहा टेबलावरून फाईलच्या दिशेने निघाला. काही शिंतोडे साहेबांच्या पँटवरही उडाले.

"टॉवेल!" मऊकाका ओरडला. एका परीने हा त्याच्या आयुष्यातला सोन्यासारखा क्षण होता. त्याने पाहुण्यांचा टॉवेल झपकन आणून चहावर टाकला.

चहा टॉवेलखालून निघून पुढे गेला.

त्याने टॉवेल दाबला. चहा आणखी पुढे गेला. अळवाच्या पानावर पाणी पळावं तसे चहाचे टपोरे थेंब टॉवेलच्या पाठीवर इकडून तिकडे पळत होते, आणि टॉवेल कोरडाच्या कोरडा.

"दुसरा आण गं!" तो ओरडला, तशी त्याची शाळकरी मुलगी आतून दुसरा घेऊन आली. मग तिसरा, चौथा. घरात होते नव्हते तेवढे सात टॉवेल टेबलावर आले. त्याने जोर करून चहा फाईलपासून लोटला, तो साहेबांकडे गेला. साहेबांनी आपल्याकडच्या टॉवेलने परत लोटला, तो फाईलकडे आला.

"तुमच्याकडून अडवा साहेब!"

"अहो, मी अडवतोच आहे! तुम्ही कशाला ढकलताय?"

"मी पुसतोय!"

"हे पुसणं आहे?"

चहाची धार टेबलावरून सासूबाईंच्या पायांवर पडली आणि फाईलचा एक कोपरा भिजू लागला. तेव्हा बायकोचा धीर सुटला.

"ते आण!" ती मुलीला म्हणाली.

"कोणतं ते?"

"ते गं! आपलं!"

मुलीने एकदा बाबाकडे पाहिलं आणि आत पळाली. परत आली तेव्हा तिच्या हातात जुन्या टॉवेलचा एक खरबरीत, विटका तुकडा होता. बायकोने तो टेबलावर एकदा फिरवला. एकदाच. टेबल कोरडं झालं. तोवर सासूबाईंनी उशीच्या अभ्र्यातून आपला तुकडा काढून पाय पुसलेही होते.

मऊकाका या दोन तुकड्यांकडे बघतच राहिला. तो टॉवेल त्याच्या ओळखीचा होता. सत्तेचाळीस घरी आणला त्या आठवड्यात त्यानेच तो "घासणी आहे नुसती" म्हणून टाकून द्यायला सांगितला होता.

"किती दिवस चाललंय हे?" त्याने विचारलं.

"पहिल्या आठवड्यापासून," मुलगी म्हणाली. "माझा दप्तरात असतो."

"आणि मला कोणी सांगितलं नाही?"

"जावईबापू, तुम्ही गालाला लावून डोळे मिटायचा," सासूबाई म्हणाल्या. "कोणत्या तोंडाने सांगायचं?"

त्याने मदतीच्या आशेने साहेबांकडे पाहिलं. निदान दुसऱ्या घराचे बत्तीस गुण तरी शाबूत होते. तेवढ्यात साहेबांच्या बाईंनी पर्स उघडली, तिच्यातून एक जाडाभरडा पंचा काढला आणि साहेबांच्या पँटवरचे डाग टिपायला घेतले.

"हा कुठून आला?" साहेबांनी विचारलं.

"घरून."

"पण आपल्या घरी तर सगळे मऊ..."

"म्हणूनच पर्समध्ये ठेवते."

"मग फॉर्मवर बत्तीस गुण कोणी दिले?"

"मीच. मऊ आहे का, तर आहे. वास छान आहे का, तर आहे. जे विचारलं त्याची खरी उत्तरं दिली." बाईंनी पंच्याची घडी घातली. "पुसतो का, असं कुठे विचारलं होतं?"

सगळे मऊकाकाकडे बघू लागले. त्याने भिजलेली फाईल उघडून फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला. वासाने कोणाची आठवण आली का, हा प्रश्न त्यात होता. टॉवेल पुसतो का, हा नव्हता. सहा वर्षांत चाचणीच्या खोक्यात कोणी टॉवेल ओला केला नव्हता, आणि ज्याने घरी रोज केला त्याने मीठ सोडलं. त्याला इतकी लाज वाटली की कानाच्या पाळ्या तापल्या.

"म्हणजे साहेब," तो हळूच म्हणाला, "तो घाम नव्हता."

"नव्हता?"

"पाणी होतं. अंघोळीचं."

साहेबांनी आपल्या मनगटाला हात लावून पाहिला. ते सकाळपासून दमटच होतं. मग त्यांनी हात पुढे करून खाऱ्या शेंगदाण्यांची बशी जवळ ओढली.

"उद्या सत्तेचाळीस पास करू नका," मऊकाका म्हणाला. सहा वर्षं होती ती. पण म्हणाला.

"फरशी विभागात जावं लागेल," साहेब शेंगदाणे चावत म्हणाले.

"जाईन."

सोमवारी तसंच झालं. फरशीवाल्यांनी त्याला खिडकीजवळची खुर्ची दिली आणि मऊकाका हे नावही तसंच ठेवलं. त्याने पहिल्याच दिवशी त्यांचा फॉर्म मागवून घेतला आणि सर्वांत वर आपल्या हाताने लिहिलं : 'फरशी स्वच्छ झाली का?' ही सगळी हकिगत आता तोच चारचौघांत रंगवून सांगतो, आणि डॉक्टर जीभ कशी बघतात त्याची नक्कल तर फारच छान करतो.

मंगळवारी सकाळी तो अंघोळीला निघाला तेव्हा बायकोने न बोलता एक तुकडा त्याच्या खांद्यावर टाकला. जुन्या टॉवेलचे तिने तीन नव्हे, चार तुकडे केले होते. चौथा काठाने दोरा घालून, नीट शिवून, कपाटात ठेवला होता.

"हा केव्हाचा?"

"पहिल्या आठवड्यातलाच. तुम्ही मागाल असं वाटलं होतं."

तो तुकडा घेऊन अंघोळीला गेला. दोनदा हात फिरवताच अंग कोरडं झालं. बनियन सरसर खाली उतरला. चार महिन्यांनी असा खडखडीत होऊन तो पानावर बसला आणि रुबाबात म्हणाला, "आजपासून भाजीत मीठ घालत जा."

"घालतेच आहे."

"आजपासून ना?"

"बंद कधी केलं होतं?" बायको पोळी वाढत म्हणाली. "घाम नाहीये हे मला ठाऊक नव्हतं होय?"

त्याने भाजीचा एक घास घेतला. नेहमीसारखीच लागली. मग, ज्याच्या पारखीवर कंपनी इतकी वर्षं भरवसा ठेवून होती त्या माणसाने मान खाली घालून आणखी थोडी भाजी वाढून घेतली.