बांधावरचे देव

हौशीरामला आजवर कुणी फसवलं नव्हतं. असं तो स्वतःच सांगायचा, आणि कुणी विचारलं नसलं तरी सांगायचा. दुकानातून साखर आणली की घरी पुन्हा तोलायचा. म्हैस दूध कमी देऊ लागली, तेव्हा डॉक्टर बोलावण्याआधी त्याने रेडकावर दोन दिवस पाळत ठेवली होती!

पण त्याचा खास, वर्षानुवर्षं जपलेला संशय होता तो भिमाजीवर. भिमाजी म्हणजे सख्खा चुलतभाऊ. उर्से टोलनाक्यापासून आत, डोंगराच्या पायथ्याशी त्यांची वाडी. दोघांची भातखाचरं शेजारी आणि मधे हातभर रुंदीचा बांध. हा बांध खाचरांतून निघायचा आणि थेट कड्याखालच्या दगडधोंड्यांपर्यंत चढत जायचा. भिमाजी दरसाल हा बांध आपल्या बाजूने कोरतो, याबद्दल हौशीरामला तिळमात्र शंका नव्हती. म्हणून वरच्या अंगाला एका सपाट दगडावर बैठक मारून तो सकाळपासून पहारा द्यायचा.

"बांद काय पळून जातोय व्हय?" बायको अंबूबाई विचारायची.

"बांद पळत न्हाई. बांद पळवत्यात! तुला यातलं काय कळत न्हाई," असं म्हणून तो पुन्हा बांधाकडे बघायला लागायचा.

शिमगा झाला आणि एके दिवशी दारात एक मुलगी आली. डोक्यावर पिवळं हेल्मेट, पाठीवर ही भलीमोठी पिशवी!

"आबा, नमस्कार. मी ऋचा. दोनच मिनिटं हवी होती..."

"आमाला फिल्टर न्हाई पायजे!" हौशीरामने दार लावून घेतलं. वर अंबूबाईला ऐकवलं, "बगितलंस? आपल्याला कुणी गंडवू शकत न्हाई!"

त्याच आठवड्यात तो बांधावर गेला आणि त्याच्या हातातली तंबाखू हातातच राहिली. बांधावरच्या मोठ्या काळ्या धोंड्यावर नारिंगी-लाल रंगाचा टिळा! वर नजर टाकली, तर चढावर आणखी चार-पाच दगडांवर तसेच टिळे!

"शेंदूर!" हौशीराम ओरडला. "भिम्यानं देव बसवला! आरं, एक न्हाई, आक्खं खानदान आनून बसवलंय!"

डाव त्याच्या चटकन ध्यानात आला. आज शेंदूर, उद्या नारळ, परवा ओटा, आणि पुढच्या साली सभामंडप! एकदा देव बसला की तिथे नांगर घालायची कुणाची छाती आहे? बांध तर जाईलच, वर निम्मं खाचरही जाईल! तो धापा टाकत घरी आला.

"अवं, त्यो शेंदूर न्हाई, त्यो..." अंबूबाई सांगू लागली.

"तू मधी बोलू नगंस! तुला यातलं काय कळत न्हाई!"

अंबूबाईने त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि ती तांदूळ निवडायला बसली.

आता टिळा पुसावा, तर पाप. न जाणो, खरंच देव असला तर? हौशीरामने त्यावर तोड काढली. भिमाजी देव बसवतो काय? मग आपणही बसवायचे, आणि तेही त्याच्या हद्दीत! तो वडगावच्या बाजारात गेला.

"मारुतीला का, भाऊ?" दुकानदाराने शेंदराची पुडी बांधताना सहज विचारलं.

"तुला कुणी इचारायला सांगितलं?" हौशीरामने डोळे बारीक केले. दुकानदार बिचारा तेल मोजायचं विसरला.

भर दुपारी, वाडी जेवून आडवी झाल्यावर, हौशीरामने भिमाजीच्या बाजूचे तीन दगड मन लावून शेंदरून काढले. दुसऱ्या दिवशी बघतो, तर त्याच्या स्वतःच्या बाजूला पाच दगड लाल! म्हणजे संशय खराच होता! मग त्याने सात रंगवले. भिमाजीकडून उत्तरादाखल लिंबू आणि नारळ आला. हौशीरामने घंटा टांगली. भिमाजीने भगवा झेंडा रोवला. दोघांचं बोलणं तर होळीच्या आधीपासूनच बंद होतं, त्यामुळे सगळा व्यवहार देवांमार्फत चालला होता. वाडीतल्या बाया हळदीकुंकू घेऊन यायला लागल्या. कुणाच्या तरी नवसाला देव पावल्याचीही बातमी आली!

आणि मग एका सकाळी तो बैठकीच्या दगडापाशी आला, बसायला वाकला आणि तसाच वाकलेला राहिला. दगडावर शेंदूर! वर ताजं जास्वंदीचं फूल!

"माज्या बुडाखालचा दगड!" त्याचा आवाज वाडीभर गेला. "भिम्या, आरं, काय लाज हाय का?"

बांधापलीकडून भिमाजी ओरडला, "मला कशाला इचारतो? तुज्या देवाला इचार!"

त्याच दुपारी आभाळात भुंग्यासारखं काहीतरी घोंघावत फिरून गेलं. ते ऋचाचं ड्रोन होतं. ऋचा मूळची तळेगावची, पुण्यातल्या एका संस्थेत दरडींचा अभ्यास करायची. कडा कोसळलाच, तर दगड कसे सुटतील, कुठे आपटून फुटतील, तुकडे कुठवर जातील, हे ती कॉम्प्युटरवर खोटा डोंगर उभा करून बघायची. खऱ्या डोंगरावरच्या काही दगडांवर तिने रंगाचे ठिपके दिले होते. ड्रोन फोटो काढणार, कॉम्प्युटर ठिपके ओळखणार आणि दगड जागचे हलले का ते सांगणार, अशी सगळी योजना होती.

कॉम्प्युटरला रंग कळतो, शेंदूर कळत नाही. त्याने लाल ठिपके मोजले आणि त्याची बोबडीच वळली! त्याच्या हिशेबाने दगड फुटून त्यांचे ढीगभर तुकडे झाले होते, ते बांधाच्या दोन्ही अंगांना पसरले होते, आणि एक-दोन तर चढावर वर गेले होते! दगड वर कसे जातील, हा संशय ऋचालाही आला. पण वाडीत माणसं राहतात म्हटल्यावर तिने आधी तहसील कचेरीत फोन केला.

संध्याकाळच्या आत हुकूम आला: खात्री होईपर्यंत वाडी रिकामी करा, सगळ्यांनी शाळेत मुक्काम करा. माणसं निघाली, गुरं निघाली, कोंबड्यासुद्धा टोपलीत बसून निघाल्या. दोघंच हलेनात.

"मी गेलो की ह्यो बांद कोरनार!" हौशीराम म्हणाला.

"मी गेलो की ह्यो उरल्याला कोरनार!" भिमाजी म्हणाला.

शेवटी ऋचा लॅपटॉप आणि सोबत भिमाजीला घेऊन स्वतः हौशीरामच्या ओट्यावर येऊन बसली. नवऱ्यापायी मागे राहिलेल्या अंबूबाईने तिला न विचारताच चहा दिला. पडद्यावर कडा थरथरला, धोंडा सुटला, आपटला, फुटला आणि तुकडे टणाटणा उड्या मारत खाली आले. भिमाजी मान लांब करून बघत होता. हौशीरामच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"थांबवा! माज्या रानात एवडे तुकडे, आन् भिम्याच्या रानात एकच?"

"आबा, उतार तुमच्या बाजूला आहे."

"उतार कुनी मोजला?"

"ड्रोनने."

"आन् ड्रोन उतरलं कुनाच्या रानात?"

ऋचा जरा अडखळली. "भिमाजीकाकांच्या."

"बगा!" हौशीरामने मांडीवर थाप मारली. "मशीन फितूर हाय!"

ऋचाने कपाळ चोळलं. "आबा, हे लाल ठिपके बघा. आधी इथे फक्त आमचे ठिपके होते. आता तुकडेच तुकडे..."

"तुमचे?" दोघंही भाऊ एकदम म्हणाले.

"म्हणजे काय! रंग आम्हीच दिला होता. मी सांगायला आले होते, आबा. तुम्ही फिल्टर नको म्हणून दार लावलंत. मग मागच्या दारी मावशींनी परवानगी दिली."

भिमाजीने हळूच पडद्यावर बोट ठेवलं. "ह्यो मी केलता. मला वाटलं, पैला तू बसवलास."

"ह्यो माजा," हौशीराम पुटपुटला. "ह्योबी."

एकेक ठिपका दोघांनी आपापल्या पदरात घेतला. ऋचाने हसू दाबत एकेक तुकडा पुसला. कडा होता तिथेच होता! पण एक ठिपका उरलाच.

"माजी बैटक! ह्यो तर तुजाच!"

"आईशप्पत, म्या न्हाई!"

"मी लावला," अंबूबाई कपबशा गोळा करत म्हणाली.

"तू? आन् रंग पोरीचा हाय, हे तुला म्हाईत व्हतं?"

"पैल्या दिवशीच सांगत व्हते. तुमीच म्हनला, तुला काय कळत न्हाई. दीसभर तितं बसून ऱ्हाता. धार म्या काडायची, पानी म्या आनायचं, गवात म्या कापायचं! म्हनलं, देव बसला तर मानूस तरी उटंल!"

वाडी शाळेतून परत आली. ऋचाने विनवलं, तेवढा शेंदूर पुसा, कॉम्प्युटर घाबरतो. सगळे आभाळाकडे बघायला लागले. देवाला कोण पुसणार? बायांनी तर बजावलं, की देवांपासून चार हात लांबूनच नांगर फिरवायचा, दोन्ही बाजूंनी! हातभर बांधाची बघता बघता बैलगाडी जाईल एवढी वाट झाली. त्यात निम्मी जमीन हौशीरामची गेली आणि निम्मी भिमाजीची.

त्यानंतर एका सकाळी हौशीराम सवयीने वर गेला. बैठकीला हात जोडले आणि उभाच राहिला. पलीकडे भिमाजीही उभा होता. राखायला काही उरलं नव्हतं आणि बसायला जागा नव्हती. शेवटी पाय भरून आले, तेव्हा तो मुकाट घरी येऊन म्हशीखाली बसला.

धार काढता काढता त्याचा हात थांबला. साखरवाला झाला, भिमाजी झाला, रेडकूसुद्धा सुटलं नाही. जन्मभर सगळ्यांवर संशय घेतला, आणि घरातली नेमकी एकच राहून गेली होती!

"थांबलात का?" आतून अंबूबाईचा आवाज आला. "दूध म्या मोजून घेनार हाय!"