घर ये, भिका!

उत्तमभाऊ कुजबुजले तरी पलीकडच्या गल्लीतली कुत्री उठून बसतात. पिंप्राळ्यात आमच्या घराला लागून त्यांची कूलर बनवायची शेड आहे. उभा जन्म चालू पंख्यांवरून ओरडण्यात गेला, त्यामुळे "चहा घ्या" हेसुद्धा ते धमकी दिल्यासारखं म्हणतात.

या माणसाने पंचावन्नाव्या वर्षी पंक बँड काढला. मोबाइलवर कुठल्याशा परदेशी पोरांचं किंचाळणं कानावर पडलं आणि भाऊ हरखले, "ह्या लोके तं मन्हासारखंच बोलतस!" शेडमध्ये पत्रा ठोकणारे सलीमभाई ड्रमवर बसले, म्हणजे उपड्या कूलरपुढे. बँकेतून दमून आलेल्या मला गिटारसकट ओढून नेलं. मला तीनच कॉर्ड येतात. चौथी शिकतो म्हणालो, तर भाऊ गरजले, "कसाले? तीनमा बठ्ठं व्हई जास!" सगळं तीनातच बसवायचं.

माझी बायको विचारते, "गाणं चाललंय की भांडण?" खरं सांगायचं तर माफी चालली होती. आमच्या खानदेशात लग्नपत्रिकेत पाळण्यातल्या बाळाचंही नाव लागतं. राहिलं की माणूस रुसलाच. लेकीच्या पत्रिकेत भाऊंनी मेव्हण्याच्या व्याह्यापर्यंत सगळे घातले आणि दोंडाईच्याचा सख्खा धाकटा भाऊ, भिका, तेवढा राहिला. घरच्या माणसाला कोण आठवून लिहितो? भिका लग्नाला आला नाही. तेव्हापासून फोन उचलत नाही, भाऊ दारात जाऊन "उनू रे, भिका", म्हणजे आलो रे, असं ओरडले तरी दार उघडत नाही. म्हणून हे गाणं. ओळी दोनच: "मन्हं चुकनं, भिका! घर ये, भिका!"

ते रेकॉर्ड करायला गेलो. रेकॉर्डिंगवाला एरवी आरत्या आणि निवडणुकीचा प्रचार करणारा. तो म्हणाला, "भाऊ, सूर सुटतोय, परत घेऊ."

"सूरनं का लोणचं घालनं शे?"

परत काही घेतलं नाही. सलीमभाईंनी पत्र्याला पोचे पाडले, माझी तार तुटली, आणि भाऊ असे ओरडले की माझ्या अंगावर काटा आला. इतकं खरं गाणं मी तरी ऐकलेलं नाही.

रेकॉर्डिंगवाल्याकडून हळदीच्या डीजेवाल्यांनी ते उचललं. धुळ्यापासून दोंडाईच्यापर्यंत नवरदेवाचे मित्र उड्या मारत ओरडू लागले, "घर ये, भिका!" तिकडच्या बाजारात तर भाजीवालीसुद्धा भिकाभाऊंना बजावू लागली, "जाय ना रे भाऊ घर!"

एका रविवारी भिकाभाऊ शेडच्या दारात उभे, रागाने लालबुंद. "बंद कर ते गानं! गावमा तोंड दखाडाले जागा नई राहिनी!" मग चपला काढून आत आले आणि म्हणाले, "एकदाव मन्हासमोर म्हन."

आम्ही सुरू केलं. पण भाऊंच्या तोंडून शब्दच फुटेना. माइक धरून ते नुसते धाकट्याकडे बघत राहिले, गाल ओले. सलीमभाई पत्रा बडवतायत, मी तीन कॉर्ड फिरवतोय आणि गाणाराच गप्प. शेवटी भिकाभाऊंनी माइक हिसकावला आणि घसा फाडून ओरडले, "उनू रे भाऊ, उनू!"