चष्मा मागं राह्यला काय, जी?

नागपुरात आमच्या धरमपेठेत कोणाच्या घरी तेरवी झाली, की दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास दाराशी एक सायकल येऊन थांबायची. सायकलवाला खाली उतरायचा, पँटची क्लिप काढून खिशात टाकायचा आणि उंबऱ्याच्या अलीकडेच उभा राहून अगदी हळू आवाजात विचारायचा, "नमस्कार जी. लय वाईट झालं. चष्मा मागं राह्यला काय?"

ज्यांना हे गृहस्थ माहीत असत, ते मुकाट्याने आत जाऊन चष्मा आणून देत. माहीत नसत ते काय करत, हे त्या त्या घराच्या स्वभावावर होते. कळमेश्वरला एका घरी त्यांना तेरवीचे उरलेले लाडू मिळाले, चष्मा मिळाला नाही. सावनेरला एका जावयाने अंगावर कुत्रे सोडले. "कुत्रं सभ्य होतं," पोटरीला पट्टी बांधून कचेरीत आलेले मेश्रामजी मला म्हणाले. "एकदाच चावलं."

सुखदेवराव मेश्राम म्हणजे सिव्हिल लाइन्समधल्या आमच्या सरकारी कचेरीचे आवक-जावक कारकून. काळ सत्तर सालच्या पुढचा-मागचा. माझे टेबल त्यांच्या टेबलाला लागून. अंगाने काडी, आवाज मऊ, शर्टाची वरची गुंडी उन्हाळ्यातही लावलेली. बायको शांताबाई वारलेली, मूलबाळ नाही, इंदोऱ्यात एक पुतणी. वर्षाचे अकरा महिने हा माणूस लिफाफ्यांवर नंबर घालायचा आणि जून लागला की साचवलेली सगळी रजा टाकून नाहीसा व्हायचा. कुठे? तर हिमालयात, लाहूलमध्ये. मनालीपुढची बर्फाची खिंड ओलांडायची, बस जाईल तिथवर बसने जायचे आणि पुढे दोन दिवस पायी. तिथे बावीस घरांचे एक गाव. हिवाळ्यात त्याचा जगाशी संबंध तुटतो तो उन्हाळा लागेपर्यंत. त्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी मेश्रामजी नागपूरच्या गेलेल्या माणसांचे चष्मे घेऊन जात.

"तिथं डॉक्टर नाई, चष्म्याचं दुकान नाई," ते सांगत. "चाळिशी लागली का बाई मागावरून उठते, मानूस सुई खाली ठेवते, आन् मंग कोपऱ्यात बसून राह्यते. काहून बसावं त्यानं कोपऱ्यात? इथं आपल्या कपाटात चष्मे पडून राह्यले ना!"

ते खोटे नव्हते. गेलेल्या माणसाचे धोतर वाटता येते, काठी कोणी मागून नेतो. चष्मा मात्र वापरताही येत नाही आणि टाकवतही नाही. मेश्रामजींनी याचे शास्त्र बसवले होते. "तेरवीच्या आंधी मागणं म्हंजे हावरटपणा. महिन्यानं मागणं म्हंजे उशीर. तोपर्यंत घरचे त्याचा देव करून टाकतात."

डोळे तपासण्याची त्यांची पद्धतही त्यांचीच. गावातली म्हातारी मंडळी उन्हाला सपाट छपरावर येऊन बसत. मेश्रामजी मधोमध चष्म्यांची पेटी उघडत आणि प्रत्येकाच्या हातात सुई-दोरा देत. एकेक चष्मा लावून पाहायचा. ज्या चष्म्याने सुई ओवली गेली, तो चष्मा त्याचा. सरकारी नेत्रतज्ज्ञाने ऐकले असते तर त्याला घेरी आली असती. पण सुई खोटे बोलत नाही, असे मेश्रामजींचे म्हणणे होते.

प्रत्येक चष्म्याच्या काडीला ते एक चिठ्ठी बांधत, तिच्यावर हिंदीत मूळ मालकाचे नाव. त्यामुळे त्या गावात चष्म्यांना मालकांच्याच नावाने ओळखू लागले. तिथल्या शाळामास्तरांचे हिंदीतले पत्र वर्षाकाठी एकदा आमच्या कचेरीच्या पत्त्यावर येई आणि मेश्रामजी ते डबा खाताना मोठ्याने वाचत. "वकीलसाब झऱ्यात पडले होते, सापडले. हेडमास्तरीणबाईंवर याकने पाय दिला, त्यांचा एक हात गेला. डिप्टीसाब रोज जव निवडतात." मग मेश्रामजी सायकल काढून डिप्टीसाहेबांच्या मुलाकडे जात. "तुमचे बाबूजी जव निवडून राह्यले जी. तब्येत ठणठणीत." तो मुलगा आधी हसे. मग त्याचे तोंड कसेनुसे होई आणि तो म्हणे, बसा, चहा घ्या.

चहाचेही एक त्रांगडे होते. मेश्रामजी चहात मीठ घालत. तरुणपणी छप्पन साली आईबापांबरोबर दीक्षा घेतलेले हे गृहस्थ त्या डोंगरात पहिल्यांदा गेले ते या समजुतीने की तिथले लोक पिढ्यानपिढ्यांचे बौद्ध, म्हणजे आपलेच. गावात शिरल्या शिरल्या त्यांनी हात जोडून खणखणीत "जय भीम" घातला. कोणाला काही कळले नाही. एका म्हातारीने हात धरून त्यांना आत नेले आणि मीठ-लोणी घातलेला चहा पुढे केला. "मले वाटलं, डब्याची चूक झाली बुढीची. म्हटलं, गरिबाच्या घरी बोभाटा कशाले! गपचूप पिलो. तं बाप्पा, तिनं आनखी वाढला!" तेव्हापासून कँटीनमधला चहावाला त्यांच्या कपाशी मिठाची पुडी ठेवी.

कचेरीत जाड चष्मेवाले मात्र त्यांना वचकून असत. आमचे सुपरिंटेंडेंट सर्दीने शिंकले तरी मेश्रामजी उठून विचारत, "साहेब, तब्येत बरी हाय ना?" साहेबांच्या भिंगांचा नंबर मोठा होता. ते चष्मा काढून ड्रॉवरमध्ये ठेवत आणि उरलेला दिवस कागद नाकाला लावून वाचत. आम्ही पोट धरून हसायचो. मेश्रामजींना काय चुकले ते कळायचेच नाही.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना ठाऊक होती आणि कोणी बोलत नसे. मेश्रामजींच्या घरी पुढच्या खोलीत, खिडकीच्या चौकटीला एक खिळा होता. त्याच्यावर शांताबाईंचा चष्मा टांगलेला असे, भिंगे रस्त्याकडे करून. मोतीबिंदू काढल्यावर देतात तसला, बाटलीच्या बुडासारखा जाड. रोज सकाळी ते तो पुसत आणि पुन्हा तसाच टांगत. शांताबाईंना रस्ता पाहायला आवडायचे. नागपूरभर चष्मे मागणारा हा माणूस तो एक चष्मा कधी पेटीत टाकत नव्हता.

माझे वडील गेले त्या वर्षी मार्च तापायला लागला होता. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेला माणूस. त्यांच्या चष्म्याला आम्हा भावंडांनी हात लावलेला त्यांना खपत नसे. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला दाराशी सायकल थांबली. मला माहीत होते, येणार. तरीही ते वाक्य कानावर पडले आणि माझे डोके फिरले.

"मेश्रामजी," मी म्हणालो, "दुसऱ्यांच्या बापांचे चष्मे नेताय. आधी तुमच्या खिडकीतला न्या. मग माझ्या दारात या."

खिशातली क्लिप काढून त्यांनी पँटला लावली. ती नीट बसेना, दोनदा पडली. मग सायकल हातात धरूनच चालत गेले.

दिवसभर मला घास गोड लागला नाही. संध्याकाळी वडिलांचा चष्मा खिशात घालून मी त्यांच्या घरी गेलो. ते खिडकीपाशीच बसले होते. मी माफी मागायला तोंड उघडले, तर त्यांनी हातानेच थांबवले.

"तुमी खरं बोलले, काळेजी," ते म्हणाले. "बसा. तुमाले सांगतो. आजवर कोनाले सांगितलं नाई."

शांताबाईंना बर्फ पाहायचे होते. नागपूरच्या उन्हात जन्म गेलेली बाई. कॅलेंडरवरचा हिमालय तिने फाडून भिंतीला चिकटवला होता. जाऊ जाऊ म्हणता ती गेली. त्या जूनमध्ये मेश्रामजी तिचा चष्मा शर्टाच्या खिशात घालून पहिल्यांदा तिकडे निघाले, एकटेच. "खिंडीत बस थांबली का मी चष्मा काढो, उघडो आन् बर्फाकडं धरो. तिले दाखवून राह्यलो होतो. बसमधले लोक पाहेत. पाहू द्या म्हटलं."

चालत चालत ते त्या गावात पोचले. मिठाचा चहा पाजणाऱ्या म्हातारीकडेच उतरले. तिचे दोन्ही डोळे खाली शहरात कुठल्याशा शिबिरात मोतीबिंदूसाठी कापलेले. मिळालेला चष्मा वाटेत नदीत पडला होता. तेव्हापासून चाचपडत चालायची. एका सकाळी मेश्रामजींनी चष्मा पुसून कट्ट्यावर ठेवला, तो हाताला लागला तसा तिने डोळ्यांवर चढवला.

"पह्यले तिनं सुनेकडं पाह्यलं," मेश्रामजी म्हणाले. "जवळ गेली, तिच्या केसाले हात लावला आन् हासाले लागली. मास्तरानं मले सांगितलं, बुढी म्हन्ते, सुनेचे केस पांढरे कवा झाले, मले कोनी सांगितलंच नाई! मंग घरभर फिरली. शिडीवरून सरसर छपरावर गेली, सरसर खाली आली."

मग खिडकीकडे पाहत म्हणाले, "आन् मी थो चष्मा वापस मांगला."



"शांताचा होता ना जी. माझ्यापाशी तिचं दुसरं काय होतं? बुढीनं एक शब्द नाई काढला. आपल्या पदरानं पुसला आन् दोन्ही हातानं मले देल्ला. मी म्हटलं, पुढच्या वर्षी असाच नवा आनतो. सीताबर्डीवर हाच नंबर दाखवून बनवला. पन खिंड बंद. जूनमंधी पोचलो, तं बुढी नोव्हेंबरातच गेलेली. शिडीवर बर्फ होतं. पायरी दिसली नाई."

बाहेर एक टांगा गेला.

"सुनेनं मले पुन्हा चहाच पाजला, काळेजी. नवा चष्मा तिनं बुद्धाच्या मूर्तीपुढं ठेवला. कोनी मले काहून म्हनून इचारलं नाई. इचारलं असतं तं बरं झालं असतं."

मी वडिलांचा चष्मा त्यांच्या हातात दिला. त्यांनी चिठ्ठी बांधली, 'काळे गुरुजी'. पुढच्या वर्षीच्या पत्रात खबर आली, की गुरुजी एका मेंढपाळाकडे आहेत आणि रोज संध्याकाळी मेंढ्या मोजतात. आमच्या घरात ती ओळ वाचून आई वडील गेल्यानंतर पहिल्यांदा हसली. "मेंढी चुकली तर छडी मारत असतील," म्हणाली आणि पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली.

मेश्रामजी निवृत्त झाल्यावरही चार-पाच वर्षे जात राहिले. मग गुडघे गेले. ज्या वर्षी पहिल्यांदा जाता आले नाही, त्या वर्षी जूनभर ते स्टेशनवर जाऊन उत्तरेकडची गाडी सुटेपर्यंत बाकावर बसत. त्याच थंडीत ते गेले.

इंदोऱ्याच्या पुतणीने घरी तेरवीच्या जागी पुण्यानुमोदन केले. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी तिच्या दाराशी उभा राहिलो. म्हणायचे ते वाक्य पाठ होते, पण ते म्हणावे लागले नाही. तीच म्हणाली, "चष्म्यासाठी आले ना, काका? काकाजीनं सांगून ठेवलं होतं, काळेजी येतीन म्हनून."

तिने रुमालात बांधलेले दोन चष्मे आणून दिले. एक त्यांचा. दुसरा खिळ्यावरचा. त्याच्या काडीला चिठ्ठी होती, त्यांच्याच आवक-जावकी अक्षरात: 'शांता. बुढीच्याच घरी द्यावे.' त्यांच्या स्वतःच्या चष्म्याला चिठ्ठी नव्हती. ती मी लिहिली.

ते चष्मे घेऊन मी स्वतः जावे, असे फार वाटले. गेलो नाही. संसार, रजा, थंडी, सगळी कारणे होती आणि सगळी लंगडी होती. शेवटी कापूस घालून पार्सल केले आणि मास्तरांच्या नावाने धाडून दिले.

पुढच्या जुलैत उत्तर आले. सून आता स्वतःच म्हातारी झाली होती आणि तिचेही डोळे कापले होते. मास्तरांनी छपरावर बसवून तिच्या हातात सुई दिली. शांताबाईंच्या चष्म्याने पहिल्याच खेपेला सुई ओवली गेली. दुसऱ्या चष्म्याने तिचा नवरा पोथी वाचतो. संध्याकाळी दोन्ही चष्मे चुलीजवळच्या एकाच फळीवर ठेवतात.

खाली मास्तरांनी वेगळी ओळ लिहिली होती: 'मेश्रामजी और शांताबाई एक ही घर में हैं। दोनों राजी-खुशी हैं। इस साल बर्फ बहुत गिरी, दोनों ने देखी।'