जंगलातल्या चौकाची हजेरी

"बाबा, डब्यात दोन पोळ्या जास्त ठेवल्यात. पण रोज सकाळी डबा घेऊन तुम्ही जाता तरी कुठे?" रोशनीने विचारलं.

"ड्युटीवर," राजाराम गजघाटे म्हणाले आणि मागचं दार ओढून घेऊन निघाले.

सासरे गंमत करताहेत असं वाटून रोशनी हसली आणि ऑफिसला गेली. तिथेच चूक झाली. राजाराम गजघाटे गंमत करणाऱ्यांतले नव्हते. नागपूरच्या वाहतूक शाखेत त्यांनी तेहतीस वर्षं नोकरी केली होती. त्यातली अकरा वर्षं सीताबर्डीच्या एकाच चौकात उभं राहून काढली, आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाल्यावरही रस्ता ओलांडताना त्यांचा उजवा हात आपोआप वर जात असे.

२००६ च्या जुलैत ते मुलाकडे अमेरिकेत आले. धम्मदीप एका कागद कारखान्याचे कॉम्प्युटर सांभाळायचा. शिकागोपासून सहा तास उत्तरेला, जंगलाच्या कडेला त्याचं घर होतं. खरं तर तिकिटं दोन काढली होती. पण मुलगी कांचन बाळंतपणाला माहेरी आली, आणि पत्नी जाईबाईंनी आपलं तिकीट कॅन्सल करायला लावलं. "तुम्ही जाऊन या. पोराचं घर पाहा. मी बाळाचं पाहतो," त्या म्हणाल्या.

बंदोबस्ताचे आठ-दहा दिवस सोडले तर राजाराम बायकोला सोडून कधी राहिले नव्हते. पण हे बोलून दाखवायचं कसं, ते त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. रविवारी फोन लागायचा.

"जेवले काय?" जाईबाई विचारत.

"हो."

"थंडी आहे काय तिकडे?"

"आहे थोडी."

"अजून काय?"

"अजून काय. तू सांग."

मग फोन कार्डातली रेकॉर्ड केलेली बाई एक मिनिट उरल्याचं सांगायची. राजाराम तो वरिष्ठांचा हुकूम समजून "बरं, जय भीम" म्हणत आणि फोन ठेवून देत. नंतर अर्धा तास ते फोनजवळच बसून राहत.

पहिले दोन महिने ते खिडकीत बसले. समोरच्या रस्त्याने तासाला तीन गाड्या जात, आणि तिन्ही नियम पाळून जात. वाहतूक शाखेतल्या माणसाने अशा रस्त्याकडे किती वेळ बघायचं?

सप्टेंबरात शिकारीचा हंगाम सुरू झाला तेव्हा धम्मदीपने त्यांना एक भडक नारिंगी जाकीट आणून दिलं. "बाबा, जंगलाकडे फिरायला जाल तर हे घालत जा. नाहीतर कोणी हरीण समजून गोळी घालेल."

दुसऱ्या दिवशी जाकीट घालून राजाराम जंगलात शिरले. दहा मिनिटं चालले आणि एकदम थबकले. समोर दोन कच्च्या वाटा एकमेकींना छेदत होत्या. फुगीर टायरांच्या, छप्पर नसलेल्या, जंगलात हाकायच्या त्या चारचाकी गाड्या चारी बाजूंनी भरधाव येत होत्या. थांबण्याची पाटी होती, पण तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. डोक्यावर हेल्मेट नाही, मागे पोरं उभी, सगळीकडे धूळ. राजारामांनी पाठ ताठ केली. चौक होता तो!

त्यांचा हात कधी वर गेला ते त्यांनाच कळलं नाही. करकचून ब्रेक दाबत एक गाडी थांबली. दाढीवाला धिप्पाड माणूस खाली उतरला, डोक्यावरची टोपी काढून म्हणाला, "यस, सर?"

नागपुरात तेहतीस वर्षांत "साहेब, जाऊ द्या ना" म्हणणारे हजारो भेटले होते. "यस, सर" म्हणणारा हा पहिलाच.

"हेल्मेट?" राजारामांनी विचारलं.

"सॉरी, सर."

"स्टिकर?"

त्या माणसाने गाडीवरचा नोंदणीचा सरकारी स्टिकर निमूट दाखवला.

"गुड. स्लो," राजाराम म्हणाले आणि त्याला जाऊ दिलं. एवढं इंग्रजी त्यांना पुढचे पाच आठवडे पुरलं.

घरी येऊन त्यांनी रोशनीकडून एक लांब वही मागून घेतली, पट्टीने रकाने आखले आणि दुसऱ्या दिवसापासून रीतसर नोंदी सुरू केल्या. गाड्यावाल्यांना ते नारिंगी जाकीट सरकारी वाटलं. उंच, ताठ, पांढऱ्या मिशांचा हा अधिकारी ओरडत नाही, कोणाला अडकवत नाही, फक्त डोक्याकडे बोट दाखवतो, हे त्यांना आवडलं. हळूहळू हेल्मेटं दिसायला लागली. गाडीवाल्यांच्या क्लबने त्यांच्यासाठी घडीची खुर्ची आणून ठेवली. ऑक्टोबरात पाऊस लागला तेव्हा कोणीतरी वर ताडपत्रीही बांधून गेलं.

"नोकरी लागली मले," एका रविवारी ते फोनवर म्हणाले.

"कायची नोकरी? काय बोलून राहिले तुम्ही?" जाईबाई घाबरल्या. तेवढ्यात मिनिटं संपली.

मग जे व्हायचं तेच झालं. क्लबच्या अध्यक्षाला नाश्त्याच्या हॉटेलात काउंटीचे, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचे, पोलीस प्रमुख शेरीफ हॅन्सन भेटले. त्याने त्यांचा हात हातात घेऊन मनापासून आभार मानले. "तुम्ही जंगलात नेमलेला तो नवा ऑफिसर फार सज्जन आहे हो."

"कोणता ऑफिसर?" शेरीफ म्हणाले.

शनिवारी दुपारी शेरीफची गाडी गजघाट्यांच्या दारात उभी राहिली. सगळा प्रकार ऐकून धम्मदीप सोफ्यावर बसला तो उठेचना.

"बाबा, तुम्ही पोलीस बनून लोकांना थांबवलं? व्हिजिटर व्हिसावर? माझी ग्रीन कार्डची फाइल पेंडिंग आहे! आपल्याला सगळ्यांना डिपोर्ट करतील!"

"मी कोणाला पोलीस आहे म्हणून सांगितलं नाही," राजाराम शांतपणे म्हणाले. "मी हात दाखवला. ते थांबले."

"हात तरी कशाला दाखवायचा?"

"चौकात ड्युटीला कोणी नव्हतं ना रे."

शेरीफना मराठी कळत नव्हतं, पण घाबरलेला मुलगा आणि ताठ बसलेला बाप एवढं त्यांना कळलं. रोशनीने त्यांच्यापुढे चहा ठेवला. कप हातात घेऊन ते हळू आवाजात सांगायला लागले. यापुढे कोणालाही थांबवायचं नाही, हे पहिलं. पण खरं दुखणं त्यांचं स्वतःचंच होतं. जंगलातल्या गाड्यांवर लक्ष ठेवायला एक डेप्युटी, म्हणजे हाताखालचा पोलीस, मिळावा म्हणून ते तीन वर्षं राज्याकडे अनुदान मागत होते. दर वर्षी उत्तर यायचं, की गरज सिद्ध करणाऱ्या नोंदी जोडा. नोंदी करायला माणूस हवा, माणसाला अनुदान हवं, आणि अनुदानाला नोंदी. यंदाच्या अर्जाची मुदत सोमवारी संपत होती आणि जोडायला त्यांच्याकडे कागदाचा कपटाही नव्हता.

रोशनीने हे मराठीत सांगताच राजाराम उठले, आत गेले आणि वही घेऊन आले.

शेरीफ पानं उलटत राहिले. एकही अक्षर वाचता येत नव्हतं, तरी त्यांचा चेहरा उजळत गेला. तारीख, वेळ, स्टिकरचा नंबर, गुन्हा, समज दिली की नाही, सगळं सरळ रेषेत होतं. असं काम त्यांनी स्वतःच्या ऑफिसातही पाहिलं नव्हतं.

"सोमवारपर्यंत याचं इंग्रजी होईल?" त्यांनी विचारलं.

"होईल," राजारामांनी परस्पर सांगून टाकलं. मग मुलाकडे वळून म्हणाले, "एक शब्द गाळायचा नाही. सरकारी कागद आहे." आणि बोलता बोलताच त्यांचा चेहरा पडला. काहीतरी आठवल्यासारखं त्यांनी वहीकडे हात नेला, पण शेरीफनी तो हात धरून जोरजोरात हलवला.

रविवारी धम्मदीप आणि रोशनी जेवणाच्या टेबलावर वही उघडून बसले. राजाराम पोर्चमध्ये, त्यांच्याकडे पाठ करून.

प्रत्येक पानाच्या माथ्यावर हजेरी होती. धम्मदीपने पहिलं पान वाचलं. "हजर: राजाराम. गैरहजर: जाई."

त्याने दुसरं पान उलटलं. "हजर: राजाराम. गैरहजर: जाई. शेरा: एकट्याने जड जाते."

तिसऱ्या पानावर हेल्मेट नसलेल्या एकवीस गाड्या होत्या. शेरा होता, "जाई असती तर दुपार बरी गेली असती." पुढे एका पावसाळी दिवशी गाडी एकही नव्हती. फक्त हजेरी होती.

धम्मदीपने पुन्हा पहिलं पान उघडलं. आईच्या रद्द झालेल्या तिकिटावर त्याने त्या वेळी एवढंच म्हटलं होतं, की पुढच्या वर्षी बघू.

"हे लिहू का नको?" रोशनीने हळूच विचारलं.

धम्मदीपने पोर्चकडे बघितलं. बाबांची पाठ ताठ होती, कान मात्र लाल झाले होते.

"लिही," तो म्हणाला. "गाळायचं नाही म्हणालेत."

दोन दिवसांनी जेवताना तो सहज म्हटल्यासारखं म्हणाला, "बाबा, पुढे फार स्नो पडतो. तुमचं तिकीट अलीकडे घेऊ का? नोव्हेंबरात?"

"इकडे हंगाम चालू आहे," राजाराम ताटात बघत म्हणाले. "पण तुझं सुट्ट्यांचं, तिकिटाचं काही असेल तर... मी आड येत नाही." त्या रात्रीच त्यांनी बॅग भरली. निघायला अजून तीन आठवडे होते.

नागपुरात पोचल्यावर दोघांमध्ये फार काही बोलणं झालं नाही. "वाळले तुम्ही," जाईबाई म्हणाल्या. "पाणी मानवलं नाही," राजाराम म्हणाले. दिवस बाळाच्या मागे जात होते. जानेवारीत शाळेत शिकवणाऱ्या कांचनची रजा संपत आली. बाळाला सांभाळायला जाईबाईंनी तिच्यासोबत तिच्या घरी वर्ध्याला जायचं ठरलं, निदान उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत. हे ऐकल्यापासून राजाराम अंगणात येरझारा घालत होते. बाहेरचा रस्ता रिकामा असला तरी मधूनच फाटकाशी थांबत.

जायच्या आदल्या सकाळी धम्मदीपचा फोन आला. फोन जाईबाईंनी उचलला. पलीकडे पोरगा हसत होता.

"आई, शेरीफचं अनुदान मंजूर झालं! एकच डेप्युटी मागितला होता. राज्याने दोन दिले!"

"दोन काहून?"

"बाबांच्या वहीमुळे. तिथल्या साहेबांनी पत्रात लिहिलंय, की त्या चौकीवर दोन माणसं नेमलेली दिसतात, पण जाई नावाचा कर्मचारी पाच आठवडे सलग गैरहजर होता. एकट्याने काम जड जातं असं स्वच्छ नोंदवलेलं आहे. म्हणून यापुढे तिथे एकटा माणूस ठेवू नये."

जाईबाईंनी फोन खाली ठेवला. राजाराम दारात उभे होते. फोनमधला पोराचा मोठा आवाज त्यांनी दारातूनच ऐकला होता आणि कुठे बघावं ते त्यांना कळत नव्हतं.

"मी गैरहजर?" जाईबाई म्हणाल्या. "इकडे मी रात्र-रात्र जागून बाळंतपण काढत होती, अन् तुम्ही तिकडे माझी गैरहजेरी लावत होते?"

"हजेरी खरी लावावी लागते," राजाराम पुटपुटले.

"अन् फोनवर? फोनवर तर 'अजून काय, तू सांग' याच्यापुढे गेले नाही कधी."

"फोनवर ती बाई ऐकत राहायची ना."

"कोण बाई?"

"मिनिटं सांगायची ती."

जाईबाईंनी पदर तोंडाला लावला. हसू दाबताहेत की दुसरं काही, ते राजारामांना कळेना. मग त्या आत गेल्या, वर्ध्याला न्यायची भरलेली पिशवी बाहेर आणली आणि वरच्या दोन साड्या काढून जागा केली.

"काय करून राहिली?" राजारामांनी विचारलं.

"सरकारने दोन माणसं मंजूर केले ना? मग उभे काय राहिले? तुमचे दोन सदरे आणा इकडे."