बारा झोंबी, दोन पॅनल

“झोंबी म्हंजी नक्की काय असतं रं?” सोपानरावांनी चहाची बशी खाली ठेवत लेकाला विचारलं.

“मेलेली माणसं, दादा. परत उठत्यात. हात पुढं करून हळूहळू चालत्यात आन् जित्या माणसाच्या मागं लागत्यात.”

“मग आपलं सोसायटीचं संचालक मंडळच की ते.”

सत्यजीतला हसू आलं नाही. तो शिक्रापूरजवळच्या एका कारखान्यात एचआरमध्ये होता आणि अजून कायम झालेला नव्हता. पळायचा नाद मात्र जुना. एरवी पहाटे कंटेनर चुकवत सर्व्हिस रोडनं दहा किलोमीटर पळायचा, सुट्टीला मांडवगण फराट्याला आला की गावातून पळायचा. “कुत्रं लागलंय का मागं?” असं गावातल्या प्रत्येक ओट्यानं त्याला एकदा तरी विचारलं होतं. या नादापायीच एचआरच्या प्रमुख करिश्मा मॅडमनी कंपनीची ‘झोंबी रन’ त्याच्या गळ्यात घातली होती. साठ कामगार त्याच्याच गावात येऊन सात किलोमीटर पळणार, वाटेत झोंबी आडवे येणार, कमरेची लाल रिबीन झोंब्यानं ओढली की तो माणूस मेला. जे वाचतील ते साडेदहाला शाळेच्या मैदानात पोचणार आणि मेडलसकट त्यांचा फोटो हेडऑफिसला जाणार. “फोटो चांगला आला तर सोमवारी तुझं कन्फर्मेशनचं पत्र,” मॅडम म्हणाल्या होत्या. नाही आला तर काय, ते त्यांनी सांगितलं नव्हतं आणि त्यानं विचारलं नव्हतं.

बारा झोंबी लागणार होते. गावात बारा माणसं गोळा करणं सोपं, पण ती कुणाची, हा प्रश्न आलाच. सोपानराव आणि त्यांचे धाकटे बंधू बापूसाहेब पाच वर्षांपूर्वी सोसायटीच्या निवडणुकीत समोरासमोरच्या पॅनलमध्ये उभे राहिले, तेव्हापासून बोलत नव्हते. दोघांच्या घरांत एक भिंत. ती आधी खांद्याएवढी होती, निवडणुकीनंतरही खांद्याएवढीच राहिली, पण तिच्यावरून कुणी बघायचं नाही असं ठरलं. सत्यजीतही तेव्हापासून चुलत्याची पायरी चढला नव्हता.

सोपानरावांनी आपल्या पॅनलचे बारा झोंबी नक्की केले, आणि संध्याकाळी बापूसाहेबांच्या बाजूचे म्हस्कूआप्पा निरोप घेऊन दारात हजर.

“गावाचा कार्यक्रम आन् मेलेले सगळे एकाच पॅनलचे? आम्ही काय जित्ते ऱ्हायचं व्हय?”

रात्र व्हायच्या आत तोड निघाली. सहा त्यांचे, सहा यांचे, दोघे भाऊ धरून.

रविवारी सकाळी नदीकाठच्या देवळापाशी बारा जणांच्या तोंडाला ज्वारीचं पीठ फासलं, ओठांच्या कडेला बीटाचा रस लावला. म्हस्कूआप्पांनी कडक इस्त्रीची टोपी काढायला साफ नकार दिला. सत्यजीतनं नियम समजावले.

“रिबीन ओढायची. मेलेला माणूस मेला तिथंच थांबंल. साडेदहानंतर गाडी गोळा करत येईल.”

“आन् तवर उन्हात?” सोपानरावांनी विचारलं.

“दादा, मेलाय ना तो.”

“पावना हाय ना पन,” सोपानराव म्हणाले आणि उसात जाऊन बसले.

नऊ वाजता शिट्टी झाली. साठ जण सुटले. संयोजक म्हणून सत्यजीतही रिबीन बांधून सगळ्यांच्या मागून पळू लागला. पहिल्याच वळणावर उसाची पात सळसळली, म्हस्कूआप्पा हात पुढे करून उभे राहिले आणि अकाउंट्समधली स्नेहल किंचाळली. त्या किंकाळीनं आप्पाच दोन पावलं मागे सरले. मग त्यांनी रिबीन कुठे आहे ते पाहिलं, झटकन हात मागे घेतले आणि मान वळवली.

“ताई, परक्या लेकीच्या कमरंला हात लावायची आमच्यात पद्धत न्हाई. तेवढी रिबीन तुमीच सोडून देता का?”

स्नेहलनं गोंधळून सोडून दिली. “आता मी इथंच थांबू?”

“इथं? लोकं काय म्हन्तील मला? चला घरी, च्या घ्या.”

ही बातमी पुढच्या झोंब्यापर्यंत पोचायला तीन मिनिटं लागली. बापूसाहेबांच्या पॅनलनं पाहुणीला चहा पाजला, हे ऐकून सोपानरावांचं पीठ लावलेलं तोंड लाल झालं. “त्यांनी च्या पाजला? आमच्या मढ्यांना पोहे द्या!” मग तिकडच्यांनी पोह्यांवर शिरा ठेवला. इकडच्यांनी सरळ पिठलं-भाकरीची वर्दी दिली. तिकडे आमटी शिजली. झोंबी आता चालत नव्हते, बोलवत होते, आणि पाच किलोमीटर पळून आलेल्या माणसाला सावलीतून “या, बसा” असं कुणी म्हटलं तर त्यानं किती वेळ जिवंत राहावं?

सर्वांत पुढे होता रामसजीवन, मशीनवरचा ऑपरेटर. मेडल त्याचंच, हे सगळे धरून चालले होते. एका झोंब्यानं त्याला बांधावरून नुसतं विचारलं, “गाव कंचं तुमचं? घरी कोन कोन असतं?” रामसजीवन जागच्या जागी थांबला. चार वर्षं तो शिक्रापुरात खोली भाड्यानं घेऊन राहत होता, आणि इतक्या दिवसांत हे त्याला कुणीच विचारलं नव्हतं. त्यानं स्वतःच रिबीन सोडली.

“चाचा,” तो म्हणाला, “हमको भी मार दो.”

सत्यजीत गावात शिरला तेव्हा वाटेवर चिटपाखरू नव्हतं. स्वतःच्या घरात डोकावला तर अंगणात पंगत, ओसरीवर पंगत, गोठ्याच्या सावलीतही पंगत. भिंतीपलीकडे तेच. आणि मधल्या भिंतीवरून भाकरी येत-जात होत्या. इकडे आईचा तवा, तिकडे मुक्ताबाई काकूचा. इकडे भाकरी कमी पडली की आई नुसता हात वर करायची, तो हात भरून परत यायचा. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या, तसं ठरलेलंच होतं, पण एकही भाकरी खाली पडत नव्हती. सत्यजीत बघतच राहिला. या रनसाठी त्यानं दोन महिने मेल पाठवले होते, तक्ते केले होते, आणि इथे एक फोन न करता तासाभरात साठ माणसं जेवायला बसली होती. हे आपलं गाव आहे आणि आपण त्याला नीट ओळखतच नाही, असं वाटून त्याच्या अंगावर काटा आला.

तेवढ्यात फोन वाजला.

“सत्यजीत, मैदानात कुणीच नाहीये! एक तरी जिवंत आहे का?” करिश्मा मॅडमचा आवाज.

“मी आहे, मॅडम.”

“मग पळ! साडेदहाला दहा कमी आहेत. एकाचा तरी फोटो पाठवू.”

तो वळला आणि पळाला. वाढायचं काम करणाऱ्या झोंब्यांनी त्याच्या कमरेची लाल रिबीन पाहिली. हा काही पाहुणा नव्हता. इथे पद्धतही नव्हती आणि भीडही नव्हती.

“ह्यो आपलाच हाय! धरा!”

बारा जण उठले. जन्मभर बुजलेल्या बैलांमागे आणि सुटलेल्या कालवडींमागे पळालेली माणसं ती. म्हस्कूआप्पा एका हातात धोतर आणि दुसऱ्या हातात टोपी धरून पोराटोरांच्या पुढे निघाले. पाच वर्षांत पहिल्यांदाच दोन्ही पॅनलं एका दिशेनं चालली होती. सत्यजीतनं मागे वळून पाहिलं आणि त्याला खरोखरची भीती वाटली. गावाला वळसा घालून तो असा पळाला, की सर्व्हिस रोडवर कधी पळाला नसेल. बारा जण तरीही मागेच होते, आणि वर शिव्या द्यायला त्यांच्याकडे दम शिल्लक होता. सत्तरीच्या आप्पांना दम लागत नाही हे बघून त्याला आपल्या महागड्या बुटांची लाज वाटली.

वळसा संपून तो चुलत्याच्या गल्लीत शिरला. समोर दोनशे पावलांवर मैदान. तिथे मॅडम फोन उंच धरून उभ्या. आणि मध्ये, आपल्या दारासमोर, ताट घेऊन मुक्ताबाई.

“काकू, बाजूला व्हा! पळायचंय!”

“पळ की. पाच वर्सं माझ्या दारावरनं पळतोयस, खाली मान घालून. आज साठ परकी मानसं माझ्या हातचं जेवली. तू तेवढा ऱ्हायलास.”

बाजूनं जायला वाट होती. मैदान दिसत होतं, मॅडम हात हलवत होत्या, सोमवारचं पत्र जवळजवळ हातात होतं. पण पाय काही उचलेनात. मुक्ताबाईनं ताट डाव्या हातात घेतलं आणि उजव्या हातानं रिबीन ओढली. तिला कसला संकोच! याच कमरेला तिनं लहानपणी करगोटा बांधला होता.

शेवटचा जिवंत माणूस मेला. तो बूट काढून आत गेला आणि पाटावर बसला.

मागून झोंबी आले. दहा जण अंगणात शिरले, सोपानराव मात्र उंबऱ्याबाहेर थांबले. आत बापूसाहेब वाढत होते. बायकोची वर्दी आल्यामुळे ते पाठलाग अर्ध्यात सोडून जवळच्या बोळानं आधीच घरी पोचले होते. दोघा भावांच्या तोंडाला पीठ तसंच.

“भावजी, आत या,” मुक्ताबाई म्हणाली.

“आमचं पॅनल...”

“मेलेल्याला कसलं आलंय पॅनल? या, बसा.”

सोपानरावांनी वहाणा काढल्या.

थोड्या वेळानं मेडलची पेटी काखेत धरून करिश्मा मॅडम रागारागानं आल्या. सत्यजीत ताटावरून उठू लागला. पण मुक्ताबाईनं मॅडमना सावलीत पाट दिला, “सकाळधरनं उभ्या हात व्हय?” म्हणून विचारलं, आणि मॅडम बसल्या. आधी एक भाकरी संपवली. मग त्यांनी दोन्ही अंगणांचा फोटो काढला, त्यात साठ माणसं, बारा पिठाळ तोंडं आणि भिंतीवरून भाकरी देणारा एक हात आला. हेडऑफिसनं लगेच विचारलं, किती वाचले? मॅडमनी डाव्या हातानं लिहिलं, कुणी नाही. कुणाला वाचायचंच नव्हतं.

“पत्र सोमवारी घेऊन जा,” त्या सत्यजीतला म्हणाल्या. “आणि तो ठेचा इकडे सरकव.”

समोरच्या पंगतीत बापूसाहेब आमटीचं भांडं घेऊन थोरल्या भावासमोर आले होते. त्यांनी न विचारता वाढली. सोपानरावांनी भाकरी मोडली, भुरका मारला, आणि सगळं अंगण आपल्याकडे बघतंय हे माहीत असूनही मान वर केली नाही.

“मीठ कमी हाय,” ते म्हणाले.

बापूसाहेब आत जाऊन मीठ घेऊन आले.