सावंतांची गाडी

सोमवारी सकाळी सावंत गेले. मंगळवारी संध्याकाळचे सव्वासहा वाजले आणि बिल्डिंगमध्ये गाडीचा आवाज आला नाही.

सावंत डोंबिवलीत माझ्या समोरच्या दारात राहत. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फिटर होते. त्यांच्याकडे एक मोटारसायकल होती आणि पंधरा वर्षांत त्यांनी ती एकदाही साइड स्टँडवर लावली नाही. "मास्तरांनू, दमून इलेल्या माणसाक कोण एका पायार उभा करता?" असं म्हणून ते तिला मेन स्टँडवर चढवत, सीटवर जुनं कांबळं टाकत आणि मगच स्वतःच्या कपाळावरचा घाम पुसत.

तिला सुरू व्हायला सहा किका लागत. पहिल्या तीन विनंतीच्या, पुढच्या दोन रागाच्या आणि सहावी माफीची.

नव्वदनंतर आमच्या जिन्याखाली कमी पेट्रोल पिणाऱ्या नव्या गाड्या दिसू लागल्या. सावंतवहिनींचा भाऊ प्रकाश कल्याणहून आला की विषय काढायचाच. "भाऊजी, विका आता ती. भंगारवाला तरी घेईल का बघा." सावंत त्याचा दंड धरून त्याला नाक्यापर्यंत नेत. "तिच्यासमोर बोला नको. तिका ऐकाक येता."

शेवटी प्रकाशने तगादाच लावला, तेव्हा ते मला सोबत घेऊन कल्याणच्या एका शोरूममध्ये गेले. आपली गाडी त्यांनी दोन गल्ल्या अलीकडे, एका देवळामागे लावली. तिला उगाच बघायला नको.

"जुनी आणलीय का, काका?" सेल्समनने विचारलं. "एक्स्चेंजमध्ये घेऊ."

"ती आजारी आसा."

त्याने नवी गाडी दाखवली. सावंत तिच्याकडे न बघता डोळे मिटून उभे राहिले. "चालू कर."

"चालूच आहे, काका."

"मग नको," म्हणून सावंत बाहेर पडले.

त्यांच्या गाडीचा सायलेन्सर फुटलेला होता. ती वळणावर आली की आमच्या मांडणीतली भांडी वाजत. बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये तक्रार झाली. मी मराठीचा शिक्षक, त्यामुळे नोटीस लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी ती मन लावून लिहिली. 'कर्णकर्कश' हा शब्द दोनदा घातला. सावंतांनी सूचनांच्या फळ्यासमोर उभं राहून ती वाचली, "अक्षर बरा आसा" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी सायलेन्सर बदलून आले.

त्या संध्याकाळी मी वाचनालयातून परतलो, तर सावंत डबा मांडीवर घेऊन जिन्यात बसलेले.

"किल्ली विसरलात?"

"आतून कडी आसा."

"मग बेल वाजवा की."

"वाजवून दमलंय. तिका ऐकाक येणा नाय, मास्तरांनू. दोन वर्सां झाली. गाडीन तेवढी लादी हादरता, तां तिका कळता. मग येवन दार उघडता."

वहिनी भेटल्या की स्वतःच अखंड बोलत, समोरच्याला तोंड उघडू देत नसत. आम्ही सगळे त्यांना बडबड्या समजत होतो.

"डॉक्टरला दाखवलंत?"

"कसा दाखवू? तिका वाटता, माका म्हायत नाय. लपवता ती माझ्यापासून." त्यांनी डबा या मांडीवरून त्या मांडीवर घेतला. "लपवू दे. तेवढाच तिचा समाधान."

"मग आता?"

"साडेसाताक कचऱ्याची बादली भायर ठेवूक उघडता."

मी त्यांच्या शेजारी बसलो. साडेसातला दार उघडलं. "अगोबाई, आज उशीर? आणि मास्तर पण? कंपनीत काम असेल, मी म्हटलंच, चला आत, चहा ठेवते," वहिनी एका दमात म्हणाल्या. सावंतांनी नुसती मान हलवली आणि चपला काढल्या.

दुसऱ्या दिवशी, नोटिशीत शुद्धलेखनाच्या चुका आहेत असं सेक्रेटरींना सांगून मी ती फळ्यावरून काढली. सुधारून कधी लावली नाही. सावंतांनी जुना सायलेन्सर परत बसवला. माझ्या घरातली भांडी पुढची सहा वर्षं रोज वाजत राहिली. मी पुस्तकातून मान वर केली नाही.

तेराव्यानंतर प्रकाश गाडी घेऊन गेला. वहिनी समोरच राहतात. त्यांचं दार आता दिवसभर उघडं असतं.